छत्री, नांगर आणि साबण

कृष्णराजपुरमच्या संतेत, म्हणजे आपल्याकडील आठवडे बाजारात, एखाद्या सकाळी उभे राहिले असता जाहिरातीच्या इतिहासाचा पहिला अध्याय कानांनीच वाचता येतो. लिंबे विकणारी बाई कन्नडात हाक घालते, तिच्या शेजारचा कांदेवाला तेलुगूत, भांडीवाला दखनी हिंदीत. प्रत्येकाची चाल निराळी, ठेका निराळा. गिऱ्हाइकास शब्द कळला नाही तरी चाल ओळखीची असते आणि पावले तिकडे वळतात. तेथून चार पावले पुढे जुना मद्रास रस्ता लागतो. रस्त्यावर झुलता पूल, पुलाखाली आगगाडी, आणि २०२३ सालापासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. या सर्वांच्या मधून जी जागा उरते ती जाहिरातींनी व्यापलेली. २०१८ साली उच्च न्यायालयाने डोळे वटारल्यावर या शहरातले कितीतरी बेकायदा फलक एकाएकी खाली उतरले होते. त्यामागे एवढे आकाश दडलेले होते, हे अनेकांना तेव्हाच प्रथम कळले.

साहित्याच्या उपासकास जाहिरातीविषयी एक उपजत तिटकारा असतो. ती खोटे बोलते, ओरडून बोलते आणि न विचारता बोलते, असे तिच्यावरील तीन आरोप. तिन्ही बऱ्याच अंशी खरे आहेत. परंतु या आरोपांतून काही थोड्या जाहिराती निर्दोष सुटतात आणि लोकांच्या स्मरणात घर करून राहतात. त्या का सुटतात, याचा शोध घ्यावा असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्यास घेतला. त्यासाठी प्रथम आपणांस जपानात जावे लागेल, आणि तेथून बेळगाव, किर्लोस्करवाडी असे करीत पुन्हा बंगळूरास यावे लागेल. वाट थोडी वळणाची आहे, पण सुटलेली नाही.

आज ज्यास टोकियो म्हणतात त्या एदो नगरात मित्सुई घराण्याचे एचिगोया नावाचे कापडाचे दुकान होते. १६८३ साली या दुकानाने नव्या जागी आपला पसारा मांडला आणि शहरभर हस्तपत्रके वाटली. त्या काळी कापडाचा व्यापारी सरदारांच्या घरी जाऊन माल दाखवी, उधारीवर देई आणि ती उधारी बुडण्याचा धोका धरून किंमत वाढवून सांगे. एचिगोयाच्या पत्रकात सांगितले होते की, आमच्याकडे रोख व्यवहार, आणि किंमत सर्वांस एकच. घासाघीस करण्याची गरज नाही, कारण वाढवून सांगितलेलेच नाही. या पत्रकाचे महत्त्व त्यातील शब्दांच्या चतुराईत नसून त्यामागील कृतीत आहे. दुकानदाराने आधी आपली रीत बदलली आणि मग ती जाहीर केली.

याच दुकानाची दुसरी युक्ती याहून मनोहर होती. पाऊस आला की दुकानात अडकलेल्या गिऱ्हाइकांस छत्र्या उसन्या दिल्या जात. छत्रीवर दुकानाचे चिन्ह ठळक रंगविलेले असे. पावसाच्या सरीबरोबर एदोच्या रस्त्यांवर एचिगोयाचे नाव चालू लागे, आणि तत्कालीन विनोदी पद्यकारांनाही त्या छत्र्यांची दखल घ्यावी लागली. जाहिरात माणसाच्या डोक्यावर होती, पण भार म्हणून नव्हे. ती त्यास भिजू देत नव्हती.

या उपक्रमशीलतेस रंगभूमीचाही आधार मिळाला. १७१८ साली दुसरा इचिकावा दांजुरो या काबुकी नटाने 'उइरो' नावाच्या औषधाच्या फेरीवाल्याची भूमिका रंगमंचावर आणली. जिभेला कोडी घालणारे, अडखळविणारे लांबलचक भाषण तो एका दमात म्हणे आणि औषधाची महती गाई. आजही जपानातील नट व निवेदक वाणीच्या कसरतीसाठी ते भाषण पाठ करतात. पुढे १७६९ साली हिरागा गेन्नाई या बहुश्रुत पंडिताने एका दंतमंजनासाठी मजकूर लिहिला. त्यात त्याने सरळ कबूल केले की, विक्रेत्याला पैशाची निकड आहे. मंजनाचा गुण येतो की नाही हे ठाऊक नाही, पण अपाय मात्र होणार नाही. असत्याच्या बाजारात इतके निर्लज्ज सत्य ऐकून लोक हसले असतील आणि हसता हसता त्यांनी कनवटीला हात घातला असेल.

या तिन्ही उदाहरणांत एक सूत्र आहे. जाहिरात आपला वेळ घेते, आपले लक्ष घेते. म्हणजे ती आपली ऋणको असते. जी जाहिरात हे ऋण तेथल्या तेथे फेडते, कधी छत्री देऊन, कधी नाट्य देऊन, कधी हसू देऊन, तिच्याविषयी आपल्या मनात कटुता राहत नाही. जी फेडीत नाही, ती भिंतीवर कितीही मोठी रंगविली तरी डोळ्यांत खुपते.

आता जपानचा आपल्याशी आलेला संबंध पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी कोबे आणि ओसाका या बंदरांतून हिंदुस्थानात आगपेट्यांचा पूर लोटला. त्या पेट्यांवरील कागदी छापांवर फुजी पर्वत क्वचितच असे. असत ते आपले देव: लक्ष्मी, सरस्वती, बाळकृष्ण. जपानी छापखानेवाल्यांनी आपल्या बाजाराचे मन अचूक हेरले होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढून, आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेऊन, देवादिकांची जी चित्रे घरोघर पोचविली, त्यांच्या नकला समुद्रापलीकडून आगपेटीवर बसून परत येऊ लागल्या. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवरही अशीच चित्रे चिकटविलेली असत. माझ्या आजोळी एका जुन्या लाकडी पेटीच्या झाकणाच्या आतल्या अंगास असे चार-पाच छाप ओळीने चिकटविलेले होते. आगपेटी कधीच संपली होती; चित्र मात्र देवघराच्या वाटेवर अर्ध्यात थांबले होते.

या प्रकारावर आक्षेप घेण्यास जागा आहे. ज्या चित्रापुढे हात जोडावयाचे ते रस्त्यावर पायदळी यावे, हे कोणास रुचेल? पण आमच्या गरीब घरांतील माणसांनी या आक्षेपाचे उत्तर आपल्या परीने दिले होते. त्यांनी चित्र फेकले नाही, ठेवून घेतले. परदेशी व्यापाऱ्याने नफ्यासाठी जे दिले, त्यातून त्यांनी आपल्याला हवे ते काढून घेतले. हा व्यापार फार काळ टिकला नाही. १९२२ साली आगपेट्यांवर जबर आयात-जकात बसली, १९२३ साली स्वीडिश भांडवलाची 'विमको' कंपनी निघाली, तिचा कारखाना मुंबईजवळ अंबरनाथास उभा राहिला आणि जपानी लक्ष्मी हळूहळू अंतर्धान पावली.

रविवर्म्यांच्या याच छापखान्यात काही काळ काम केलेला एक मराठी गृहस्थ पुढे जाहिरातीच्या इतिहासातही आपले नाव ठेवून गेला. धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांस दाखविण्यात आला. चित्रपट सुरतेस गेला तेव्हा अडचण उभी राहिली. दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ का पाहील? दर कमी करण्याचा सल्ला मिळाला. फाळक्यांनी दर कमी केला नाही, माप बदलले. त्यांनी जाहीर केले की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा हा खेळ आहे, चित्राची लांबी दोन मैल, आणि हे सर्व अवघ्या तीन आण्यांत. चलच्चित्राची फीत ही छायाचित्रांचीच माळ असल्यामुळे छायाचित्रांच्या या गणतीत खोटे असे काही नव्हते. तासांनी मोजणाऱ्या माणसास त्यांनी मैलांनी मोजावयास शिकविले. सुरतेचा प्रेक्षक आला, आणि येऊन पाहतो तो काय, मापाचा विसर पडावा असे काही तरी त्याच्यापुढे हलू लागले होते. हेही ऋण फिटले.

आमच्याकडील फिरत्या नाटक मंडळ्या आणि पुढे तंबूतील चित्रपट यांच्या बैलगाड्या, ताशे आणि उधळली जाणारी रंगीत हस्तपत्रके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस जपानातील 'चिंदोन्या' मंडळी परकी वाटणार नाहीत. एकोणिसाव्या शतकातील ओसाकातून उगम पावलेली ही प्रथा. रंगीबेरंगी पोशाख, पोटावर बांधलेला ढोल-झांजांचा संच, सोबत एखादे सुषिर वाद्य, आणि गल्लीबोळातून नव्या दुकानाची वर्दी. दवंडी आणि तमाशा यांच्या सीमेवर जे काही उभे राहील, ते दोन्ही देशांत सारखेच दिसते.

परंतु या विषयात मराठी माणसाने जे सर्वांत मोठे काम केले, ते ढोलाने झाले नाही, शाईने झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकू लागले, पण रंग ओळखण्यात डोळे दगा देतात हे ध्यानी आल्यावर ते यंत्रांकडे वळले. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनविला. नांगर उत्तम होता, घेणारा नव्हता. लोखंडाच्या फाळाने काळ्या आईच्या पोटात विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली औंधच्या प्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली, तरी ही समजूत काही एका दिवसात हटणारी नव्हती.

असल्या समजुतीपुढे फलक काय करणार? 'आमचा नांगर सर्वोत्तम' असे रंगवून ती जात नाही. ज्याला नांगर विकावयाचा, त्याच्या मनाची आधी मशागत करावी लागते. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, जे मराठी वाचकांस 'शंवाकि' या आद्याक्षरी नावाने ठाऊक आहेत, त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. शंकरराव स्वतः चित्रकार. आरंभी या पत्राचा हेतू कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकास देणे एवढाच होता. म्हणजे ती उघड उघड जाहिरात होती. पण संपादकाच्या लवकरच ध्यानात आले की, ज्याला उद्योगाविषयी आस्था नाही त्याला नांगराविषयीही असणार नाही. मग उद्योगाने वर आलेल्या माणसांच्या हकिगती आल्या, शेतीची माहिती आली, कथा आल्या, व्यंगचित्रे आली, सामाजिक प्रश्न आले. पाहता पाहता नांगराच्या दांडीला पालवी फुटली. नावातील 'खबर' हा परका शब्द गळाला, 'किर्लोस्कर' राहिले. त्यामागे भाषाशुद्धीच्या सावरकरी आग्रहाचा भाग होता असे म्हणतात. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके तिच्या पाठोपाठ निघाली. एका कारखान्याच्या माहितीपत्रकातून महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची दोन पिढ्यांची वाचनाची सवय घडली, ही गोष्ट जगाच्या जाहिरातशास्त्रात नोंदविण्यासारखी आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या मासिकाने सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख छापले, रूढींवर प्रहार केले आणि सनातनी वाचकांचा रोष ओढवून घेतला. व्यापाराच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा होय. ज्याच्या घरी नांगर आणि पंप विकावयाचा त्याच्याच श्रद्धेला धक्का देणारा व्यापारी कोणी पाहिला आहे काय? परंतु याच क्षणी ते पत्र जाहिरातीचे मासिक झाले, असे मी म्हणेन. तोपर्यंत ती मासिकाच्या वेषातील जाहिरात होती. गिऱ्हाइकास न आवडणारे बोलण्याची तयारी ही या दोहोंतील सीमारेषा आहे.

जपानात याच वाटेने गेलेले एक उदाहरण आहे, तेही पुष्कळ नंतरचे. पुढे 'सनटोरी' या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मद्य-कंपनीने १९५६ साली 'योशू तेंगोकू' नावाचे पत्रक काढले. आपली मद्ये जेथे पाजली जात त्या छोट्या पानगृहांतून ते वाटले जाई. त्याच्या संपादनात काइको ताकेशी आणि यामागुची हितोमी हे तरुण होते, चित्रे यानागिहारा र्‍योहेई यांची. कंपनीच्या जाहिरात विभागात पगारावर काम करीत असतानाच काइको यांस जपानचा मानाचा अकुतागावा पुरस्कार १९५८ साली मिळाला, आणि यामागुचींनी १९६३ साली नाओकी पुरस्कार मिळविला. त्या पत्रकात मद्याची स्तुती कमी आणि जगण्याच्या गमतीजमती अधिक असत. मद्य आणि नांगर यांत साम्य नाही. पण लेखकाला मोकळे सोडले तर जाहिरातीच्या खर्चातूनही साहित्य उगवते, हे दोन्हीकडे सारखेच सिद्ध झाले. किर्लोस्करवाडीने ते छत्तीस वर्षे आधी आरंभिले होते, एवढेच नम्रपणे नोंदवितो.

आता आपण घरी येऊ. ज्या कृष्णराज नावाने आमचे हे उपनगर ओळखले जाते, त्याच नावाचे चौथे कृष्णराज वडेयर म्हैसूरच्या गादीवर असताना पहिले महायुद्ध पेटले आणि युरोपास जाणारे चंदनाचे लाकूड बंदरात अडून राहिले. दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत, येथील विज्ञानसंस्थेतील संशोधकांच्या साहाय्याने, १९१६ साली बंगळूरात चंदनतेलाचा सरकारी कारखाना निघाला. त्यातून पुढे म्हैसूर सँडल साबण जन्मास आला. एस. जी. शास्त्री यांनी परदेशी जाऊन सुगंधाचे तंत्र आत्मसात केले. वडी अंडाकृती, पेटी दागिन्यांच्या डबीसारखी, चिन्ह शरभाचे: सिंहाचे शरीर आणि हत्तीचे मस्तक. मुंबईत आणि इतरत्र ट्रामच्या तिकिटांवर, आगपेट्यांवर त्याचे नाव झळकले, आणि कराचीत तर त्याच्यासाठी उंटांची मिरवणूक काढण्यात आली असे सांगितले जाते. सिंधच्या वाळूत कानडी चंदनाची द्वाही उंटांनी फिरवावी, ही कल्पना चिंदोन्यांनाही सुचली नसती. पण मला त्या उंटांपेक्षा ती डबी अधिक महत्त्वाची वाटते. साबण विरघळून गेल्यावरही डबी राहते. तिच्यात सुया, बटणे, एखादे जुने पत्र राहते, आणि झाकण उघडले की चंदन दरवळते. एचिगोयाच्या छत्रीशी या डबीचे नाते आहे. दोन्ही वस्तू विकून झाल्यावरही सेवा करीत राहतात.

असे असले तरी या कलेचे केवळ गुणगान करून थांबणे अप्रामाणिक ठरेल. एझाकी रिइची यांनी १९२२ साली ओसाकात ग्लिको ही गोळी विक्रीस आणली आणि पुढे तिच्यासोबत लहानसे खेळणे देण्यास आरंभ केला. १९३५ साली दोतोन्बोरीच्या कालव्याकाठी धावपटूचा तेहतीस मीटर उंच दिव्यांचा फलक उभा राहिला. १९४३ साली युद्धासाठी लोखंड हवे म्हणून तो मोडण्यात आला. धावपटू रणगाड्यांच्या कामी आला. १९५५ साली तो पुन्हा उभा राहिला, आणि २०१४ साली त्याची सहावी आवृत्ती प्रकाशली. आज लोक त्याच्यासमोर हात उंचावून छायाचित्र काढून घेतात. जाहिरात तेथे गावाची देवता झाली आहे. १ जानेवारी १९६३ रोजी तेझुका ओसामू यांचा 'तेत्सुवान आतोमु' हा चित्रपटमालिकेचा प्रयोग जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाला, तो मेइजी या मिठाई-कंपनीच्या आश्रयाने. तिच्या चॉकलेटबरोबर आतोमुची चिकटचित्रे मिळू लागली आणि मुले ती चिकटवीत सुटली. येथे प्रश्न उभा राहतो: मूल चॉकलेटसाठी गोष्ट पाहत होते, की गोष्टीसाठी चॉकलेट मागत होते? छत्री दिल्यावर एचिगोयाने पावसाचा ताबा घेतला नव्हता. गोष्टच विक्रेत्याच्या पैशावर उभी राहिली की मात्र, एक ना एक दिवस, पाऊस केव्हा पाडावयाचा हेही तो ठरवू लागतो. प्रौढ माणूस हसून सावध होईल. मुलाने काय करावे?

हा प्रश्न दूरच्या देशाचा नाही. मराठी मुलखाबाहेर निघणाऱ्या कोणत्याही मराठी मासिकाचा संसार पाहा. वर्गणीदार थोडे, छपाई महाग, दिवाळी अंकाचा खर्च दांडगा. भाषेचे हे छोटे घर उभे राहते ते पुष्कळदा एखाद्या सराफाच्या, मिठाईवाल्याच्या, यंत्राच्या सुट्या भागांच्या कारखानदाराच्या अर्ध्या पानावर. आमच्या दूरवाणीनगरच्या परिसरात १९४८ सालानंतर दूरध्वनीचा कारखाना आला आणि त्याबरोबर नाना प्रांतांचे लोक; त्यांच्यामागून उपजीविकेसाठी येथे स्थिरावलेल्या आम्हां मराठी कुटुंबांची मुले घरी मराठी बोलतात, वाचतात मात्र जेमतेम. त्यांच्या हातात अंक पडला तर ती आधी चित्रे पाहतात, म्हणजे बहुधा जाहिराती पाहतात. मराठी अक्षराशी त्यांची पहिली ओळख एखाद्या पेढेवाल्याच्या पानावर होण्याचा संभव आहे. तेव्हा ते पान गचाळ असून कसे चालेल? 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली पत्ता, एवढ्यावर आपण जे भागवितो, त्यात ना दुकानदाराचे हित, ना मुलाचे.

आपण आपल्या जाहिरातदारास एवढेच सांगावे की, आपले अर्धे पान आम्हांस हवे आहे, पण त्यात वाचणाऱ्यास काही तरी द्या. पेढ्याची कृती द्या, दुकान कोणत्या साली आणि कोणत्या गावाहून येथे आले त्याची चार ओळींची हकिगत द्या, मुलासाठी एखादे कोडे द्या. आणि संपादकाने आपल्या बाजूस एवढेच सांभाळावे की, त्या अर्ध्या पानाची सावली उरलेल्या पानांवर पडू नये. शंकररावांनी नांगर घेणाऱ्याच्या रागाची पर्वा केली नाही, ते स्मरणात ठेवावे. हे दोन नियम पाळले, तर जाहिरात आणि अक्षर एका छपराखाली नांदू शकतात.

संतेतून परतताना त्या लिंबे विकणाऱ्या बाईने चार लिंबांवर एक अधिक टाकले. कन्नडात तिने काही म्हटले, ते मला अर्धेच कळले. पुढल्या खेपेस मी कोणाकडे जाणार, हे मात्र तिला पुरते कळले होते.